झाकण दोन

यंदाही नवरात्र बसलं आणि आमच्या कॉलनीच्या तोंडाशी मंडप उभा राहिला. सकाळची आरती, दुपारच्या बायकांच्या स्पर्धा, तिथवर सगळं ठीक असतं. संध्याकाळचे साडेसात झाले, की मात्र मी उकडत असूनही खिडक्या लावून घेते. त्या सुमाराला ते गाणं लागतंच. 'थोडंसं पाणी, झाकण दोन, मले आता आवरीन कोन!' शाळकरी पोरं, नव्या सुना, बँकेतले साहेब, सगळे दोन बोटं वर करून नाचतात. समोरच्या घरातली आजी मला गॅलरीतून हाका मारते, "या नं मॅडम, पाहा कसे नाचून राह्यले!" मी डोकं दुखतंय म्हणून सांगते. माझं डोकं दर नवरात्रात दुखतं, असा तिचा आता समज झाला आहे.

गाणं दारूचं आहे असं सगळ्यांनाच वाटतं. मोबाइलवर त्याच्या खाली 'पारंपरिक वऱ्हाडी गीत' असं लिहिलेलं असतं. ती परंपरा म्हणजे मी. खेड्यातल्या शाळेत मराठी शिकवणारी बाई, वय त्या वेळी बेचाळीस. आणि ते गाणं दारूचं नाही, कपाशीवर मारायच्या औषधाचं आहे. एका कंपनीनं फवारणीच्या हंगामात जीपवर भोंगा बांधून वाजवायला ते करून घेतलं होतं. मूळ ओळी अशा होत्या:

'पंपात पाणी, झाकण दोन,
किडीले आता वाचवीन कोन!'

पोळा झाला की आमच्याकडे एक वास सुटतो. गोडसर, आंबूस, घशाच्या मागे जाऊन बसणारा. भाद्रपदातलं ऊन पाठीवर चटके देत असतं, वारा नसतो, आणि कपाशी खांद्याच्या वर गेलेली असते. एसटीच्या खिडकीतून पाहावं तर फवारणारा माणूस दिसत नाही, हिरव्या झाडांवरून सरकत जाणारा पांढरा धूर तेवढा दिसतो आणि पंपाची घरघर ऐकू येते. वर्गात पोरं यायची ती बापाच्या कपड्यांचा वास घेऊन. दुपारच्या सुट्टीत डबे उघडले तरी आधी तो वास यायचा आणि मग भाजीचा. मी यवतमाळहून रोज जाऊन-येऊन करायची, कळंबला उतरून पुढची गाडी धरायची. संध्याकाळी घरी आले की साडी वेगळी भिजत घालायची. या वासाला मी नावं ठेवायची, आणि त्याच औषधाचं गाणंही मीच लिहिलं.

आता माझ्या एका सवयीबद्दल सांगायला हवं. लाल पेन कायम माझ्या पर्समध्ये असतं. छापलेलं काहीही हातात आलं, की चूक शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. लग्नपत्रिका, औषधाच्या दुकानाची पाटी, ग्रामपंचायतीची नोटीस, कशावरही गोल करते. घरचे वैतागतात, पण गावात त्याचा मोठा दबदबा होता. आमच्या शाळेतल्या प्रज्ञाचे वडील, अशोकभाऊ, एकदा जयंतीच्या कार्यक्रमाची पत्रिका घेऊन आले. छापून झाली होती, फक्त कौतुकानं दाखवायला आणली होती. तारीख बरोबर होती आणि वार चुकला होता. मी गोल केला. ते तसेच सायकलवर बसून कळंबला गेले आणि प्रेसवाल्याशी भांडून सगळ्या पत्रिका बदलून घेऊन आले. तेव्हापासून ते गावभर सांगायचे, "छापनारा चुकते बाप्पा, मॅडम नाई चुकत."

मला हे आवडायचं, फार आवडायचं.

अशोकभाऊ मजुरी करायचे आणि गायचे. त्यांची स्वतःची गायन पार्टी होती. हिवाळा-उन्हाळा कार्यक्रम, पावसाळ्यात दुसऱ्याच्या शेतात काम. वरच्या पट्टीत गेले की त्यांच्या गळ्याची शीर फुगायची आणि समोरची माणसं आपोआप ताठ बसायची. माइक बंद पडला तरी ते थांबायचे नाहीत, शेवटच्या रांगेपर्यंत शब्द न् शब्द पोचायचा. कंपनीचा माणूस शाळेत आला आणि म्हणाला, मॅडम, तुम्ही स्वागतगीतं छान लिहिता म्हणे, आमच्यासाठी चार ओळी द्या. तेव्हा गाणारा कोण हा प्रश्नच पडला नाही.

त्या माणसानं मला एक पत्रक दिलं. त्यावर चित्र होतं: एक पंप, शेजारी एक झाकण. मोजमापाची भानगड नको, बाटलीचंच झाकण भरून टाकायचं, अशी ती सोय. मी आठ दिवस एसटीत बसून ओळी जुळवल्या. 'पंपात पाणी, झाकण एक' इथपर्यंत सरळ आलं, आणि पुढं गाडी अडली. एकला काय आणावं? 'शेतात नाचे लाडकी लेक' असं करून पाहिलं. कंपनीचा माणूस म्हणाला, "औषधात लेकीचं काय काम, मॅडम?" त्याचं बरोबर होतं. मग एक दिवस कळंबच्या स्टँडवर उभी असताना 'वाचवीन कोन' सुचलं आणि मी अक्षरशः हसले. कोनला दोन. ओळ कशी टणकन वाजली.

एकाचे दोन झाले हे मला माहीत होतं. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढं मी स्वतःला बऱ्याच सवलती दिल्या आहेत. मला माहीत होतं आणि मी विचारलंही होतं.

"पत्रकात तर एक आहे. गाण्यात दोन चालेल?"

तो चहा पीत होता. त्यानं कप खाली ठेवला नाही. "चालते हो मॅडम. गानं ऐकून कोन औषध मारते?"

मला हेच ऐकायचं होतं. मी लाल पेनवाली बाई, जगाच्या चुका गोल करत फिरणारी, आणि माझी ही चूक मला इतकी सुंदर वाटत होती की तिच्याभोवती गोल करायला माझा हात उचललाच नाही.

रेकॉर्डिंग यवतमाळात एका दुकानाच्या माडीवर झालं. खिडक्यांना गाद्या लावलेल्या, आवाज येतो म्हणून पंखा बंद. अशोकभाऊ पांढरा शर्ट घालून आले होते. घामानं तो पाठीला चिकटला होता. कागद त्यांनी एकदा वाचला, डोळे मिटले आणि पहिल्याच खेपेला गाऊन टाकलं. 'दोन'वर त्यांनी आवाज असा वर नेला की मशीनवरच्या माणसानं कानावरचा हेडफोन बाजूला केला. चाल त्यांचीच होती, तिथल्या तिथं लावलेली. मला कंपनीनं एक हिरवी छत्री दिली. त्यांना पेट्रोलवर चालणारा नवाकोरा पंप दिला. छत्रीपेक्षा पंप किती भारी, म्हणून मी मनात थोडी हिरमुसले होते. आज हे आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात.

त्या हंगामात जीप गावोगाव फिरली. आठवडी बाजारात, पारावर, शाळेच्या कुंपणापलीकडून, दिवसभर तेच. मधल्या सुट्टीत पोरी दोरीवरच्या उड्या त्या ठेक्यावर मारायच्या. दिग्रसहून माझ्या आईचा फोन आला, "तुह्यं गानं इथं बी वाजून राह्यलं वो!" सहकारी मला कवयित्री म्हणायला लागले. मी चेष्टा म्हणून हसण्यावारी न्यायची आणि घरी जाऊन आरशासमोर तो शब्द म्हणून पाहायची.

अशोकभाऊंना नव्या पंपामुळे कामं भराभर येऊ लागली. फवारायला अशोकच पाहिजे, गाणं म्हणत म्हणत मारतो, असं शेतकरी म्हणायचे. ते पुढं पंप घेऊन, त्यांची बायको शांताबाई मागून डोक्यावर पाण्याच्या कळश्या घेऊन. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती. दसऱ्याच्या आधी एका सकाळी प्रज्ञा शाळेत आली नाही. दुपारी कळलं, अशोकभाऊंना यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. शेतातून घरी आले, डोळ्यांपुढं अंधार आहे म्हणाले, आणि उलट्या सुरू झाल्या.

मी शहाळी घेऊन गेले. वॉर्डात त्यांच्यासारखे आणखी होते. अशोकभाऊंच्या डोळ्यांवर ओली पट्टी, हात लोखंडी खाटेला बँडेजनं बांधलेले, कारण ते सारखे उठून पळायला बघायचे. घशात नळी होती. तो गळा मी गाताना पाहिला होता, त्यामुळे मला त्या नळीकडे बघवेना. तेवढ्यात एक तरुण डॉक्टर आला. रात्रभर जागा असावा. त्यानं शांताबाईंना विचारलं, "औषध किती टाकत होते?"

"दोन झाकनं, सायेब. जास्त नाई टाकलं हो त्यायनं. गान्यात हाय तसंच. ह्या मॅडमनंच लिवलं हाय गानं, इचारा त्यायले."

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. शांताबाईंनीही पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं, साक्षीदार वेळेवर हजर असल्यासारखं.

मी म्हणाले, "मी मराठीची शिक्षिका आहे. मला त्यातलं काही कळत नाही."

डॉक्टरनं कागदावर काहीतरी लिहिलं आणि तो पुढच्या खाटेकडे गेला. शांताबाईंनी डोळ्यांवरची पट्टी ओली करायला घेतली. मी शहाळी खाटेखाली ठेवली. ज्याच्या घशात नळी आहे तो शहाळं पिणार कसं, हे मला बाहेर आल्यावर सुचलं.

अशोकभाऊ वाचले. दृष्टीही हळूहळू परत आली. आवाज मात्र गेला. बोलतात, पण भांडं घासल्यासारखं, आणि वरच्या पट्टीत काहीच उरलं नाही. गावात बोलणं झालं, की अशोकला लालच सुटली, औषध जास्त टाकून काम लवकर उरकायला गेला. ते मी माझ्या कानांनी शाळेच्या व्हरांड्यात ऐकलं आणि हजेरीपट भरत राहिले. मनाशी मी कारणांची माळ ओढायची: ऊन फार होतं, कपाशी उंच होती, तोंडाला फडकं नव्हतं, पंप जोराचा होता, आजारी पडलेल्या सगळ्यांनी काही माझं गाणं ऐकलं नव्हतं. यातलं प्रत्येक खरं आहे. तरी माळ संपली की हात पुन्हा त्याच मण्यावर यायचा. दोन वर्षांनी माझी बदली लोहाऱ्याजवळच्या शाळेत झाली आणि मी पेढे वाटले.

औषध बाजारातून गेलं, जीपा गेल्या, गाणं काही गेलं नाही. बँडवाल्यांनी चाल उचलली, मग वराती, मग शहरातल्या कुणा गायकानं किडीला हाकलून त्या जागी स्वतःला बसवलं, आणि बघता बघता ते सगळीकडे झालं. दोन बोटं वर करणं ही त्याची खूण झाली. एकदा भाचीच्या लग्नात मला ओढून मध्ये नेलं. मीही दोन बोटं वर केली. फोटो आहे.

यंदा पोळ्यानंतर प्रज्ञाचा फोन आला. ती आता यवतमाळला नर्सिंगचं शिकते. शाळेत ती शेवटच्या बाकावर बसून माझ्याआधी कविता संपवायची.

"मॅडम, ते गानं बाबाचं हाय नं?"

"कोणतं?" मी विचारलं. कोणतं, हे मला चांगलंच ठाऊक होतं.

"झाकन दोन. बाबा कोनाले सांगत नाई, पन मायनं सांगतलं. जुनं रेकॉर्डिंग असन तुमच्याजवळ. ते टाकलं तं लोकायले कळन पहिले कोन गायलं."

मी म्हणाले, शोधावं लागेल. शोधायचं काय होतं त्यात? कपाटात लग्नातल्या शालूच्या घडीत ती सीडी आठ वर्षं होती. दुसरीकडे कुठंच ती नसणार. माडीवरचं ते रेकॉर्डिंगवाल्याचं दुकान जाऊन तिथं मोबाइलचं आलं आहे. गाणं त्यांचं होतं हे सिद्ध करणारी एकमेव वस्तू माझ्याकडे होती, आणि त्याच वस्तूत माझी दोन झाकणं भरलेली होती. प्रज्ञा नर्स होणार. पंपात पाणी हे तिनं ऐकलं, की एका पंपाला किती, हे ती विचारणारच.

दुसऱ्यांदा तिचा फोन आला तेव्हा मी सीडी खराब झाली असावी म्हणाले. तिसऱ्यांदा तिनं फक्त एवढं सांगितलं, "परवा एका लग्नात बाबा बोलून गेला, हे म्या गायलो होतो. तं पोरं हासले त्याले. म्हने, काका, ह्या आवाजात? बाबा बी हासला त्यायच्यासंगं. मंग घरी येऊन जेवला नाई."

त्या रविवारी मी अशोकभाऊंच्या गावी निघाले. चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून सीडीवरचं गाणं मोबाइलमध्ये घेतलं. दोन ओळी ऐकून तो पोरगा म्हणाला, "मॅडम, हे तं तेच गानं! पन हा कोन गायला? भारी आवाज हाय." एसटीतून पाहिलं तर शेतांवर तोच पांढरा धूर सरकत होता, तोच वास. मी पदर नाकाला लावला आणि मग काढला.

अशोकभाऊ अंगणात खाटेवर होते, केस पिकलेले. मला पाहून लगबगीनं उठले. तो पंप अजून घरात होता, खुंटीला, वर पोतं टाकलेलं. प्रज्ञानं माझा फोन खाटेवर ठेवला आणि गाणं लावलं. तो आवाज अंगणात आला तेव्हा शांताबाई चहाचं भांडं हातात घेऊन दारातच थांबल्या. अशोकभाऊंचा हात खाटेच्या लाकडावर ठेका धरायला लागला, आणि 'दोन' आलं तेव्हा त्यांची मान वर गेली, गळ्याची शीर फुगली, तोंड उघडलं आणि काही न येता मिटलं.

मी थांबले असते तर पुन्हा कधीच बोलले नसते. "वहिनी, दवाखान्यात मी खोटं बोलले. पत्रकात एका पंपाला एकच झाकण होतं. मला माहीत होतं. दोन मी लिहिलं, यमकासाठी."

"कायच्यासाठी?" शांताबाईंनी विचारलं.

"गाणं चांगलं वाटावं म्हणून."

 शेजारी कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. शांताबाईंनी भांडं खाली ठेवलं. "लोकं त्यायले लालची म्हनत होते, मॅडम," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

प्रज्ञा फोनकडे पाहत होती. ती हलक्या आवाजात म्हणाली, "तेवढी ओळ कापता येते, मॅडम. बाबाचा आवाज तं बाकीच्यातबी हाय. तुमचं नाव निघनार नाई."

माझ्या विद्यार्थिनीनं मला पळवाट दाखवली आणि त्या क्षणी मला हायसं वाटलं. हेही लिहून ठेवते. मी हो म्हणायला तोंड उघडलं होतं.

आतून शांताबाईंचा आवाज आला. "कायले कापतं? तेच तं आयकू दे लोकायले."

मग मी म्हणाले, की लिहिणारीचं नावही टाक, आणि एकच झाकण बरोबर होतं हेही खाली लिही. म्हणाले, पण शांताबाई बोलल्यानंतर.

चहा मी घेतला, तो कोणी पुन्हा गरम केला नव्हता. अशोकभाऊ मला सोडायला फाट्यापर्यंत आले. एवढ्या वेळात ते एक अक्षर बोलले नव्हते. वाटेत दोन्ही बाजूंना कपाशी होती. मी म्हटलं, "अशोकभाऊ, मला शिव्या तरी द्या."

"नाई जी," ते त्यांच्या त्या घासलेल्या आवाजात म्हणाले. "पोरीसमोर बोललो नाई, पन मले मालूम होतं. बाटलीसंगं चिठ्ठी असते नं? तिच्यावर चित्र होतं, एक पंप, एक झाकन. म्या पाह्यलं होतं पहिल्याच दिवशी."

मी थांबले. "मग?"

"मले वाटलं, छापनारा चुकला असन." ते रस्त्याकडे पाहत होते, गाडी येते का ते. "तुमी पत्रिकेवर करता तसं म्या पेन घेतला आन् त्याच्या बाजूले अजून एक झाकन काढलं. गावातल्या चार जनायच्या चिठ्ठ्या बी दुरुस्त करून देल्या."

गाडी आली. फाट्यावर गर्दी होती. त्यांनी पुढं धावत जाऊन नेहमीच्या सवयीनं खांद्यावरचा दुपट्टा खिडकीतून आत टाकला, माझ्यासाठी जागा धरली. मी बसले, गाडी हलली, आणि दुपट्टा माझ्या मांडीवरच राहिला.

ते चार जण कोण, हे मी विचारलं नाही. प्रज्ञानं गाणं टाकलं आहे. ऐकणारे आवाजाची तारीफ करतात आणि खाली लिहिलेलं वाचत नाहीत. दुपट्टा मी धुऊन, घडी करून शालूशेजारी ठेवला आहे. तो परत द्यायला जायचं आहे. गेले की पहिल्यांदा त्या चार जणांची नावं विचारावी लागतील, म्हणून अजून गेले नाही.